कडक भाकरी, स्ट्राँग चहा

इंग्रजी शब्द व्याख्येवरून शिकायचा म्हणजे एक शब्द शोधायला जायचं आणि त्याच्या व्याख्येतले दोन अनोळखी शब्द घेऊन परत यायचं. ते दोन शोधावेत, तर त्यातला एक पुन्हा पहिल्याकडेच बोट दाखवतो. कचेरीत तीन नंबरच्या खिडकीने पाचवर पाठवावं आणि पाचने परत तीनवर, तसं.

या छळाचे आद्य मानकरी डॉ. सॅम्युअल जॉन्सन. १७५५ च्या आपल्या कोशात त्यांनी 'नेटवर्क'ची व्याख्या 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' आणि 'इंटरस्टिसेस' असे शब्द घालून केली. यंत्रमागावरच्या कुठल्याही माणसाने 'उभे-आडवे दोरे, मधे भोकं' एवढ्यात प्रकरण मिटवलं असतं. पुढे कोशवाल्यांना शिकणाऱ्यांची दया आली. मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये सगळ्या व्याख्या जेमतेम दीड हजार शब्दांत बसवल्या. १९७८ च्या लाँगमन कोशाने ही मर्यादा सुमारे दोन हजार ठेवली. तेव्हा कोश घ्यायचा तो लर्नर्स डिक्शनरी असं लिहिलेलाच. कपाटातला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश एका शब्दापुढे सात मराठी शब्द मांडतो, पण कुठला कधी वापरायचा ते आपल्या नशिबावर सोडतो.

खरी गंमत व्याख्येत नाहीच, तिच्याखालच्या उदाहरणाच्या वाक्यात आहे. सोलापुरात 'कडक' हा एकच शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत पुरतो. कडक चहा, कडक मास्तर, कडक ऊन, कोरी कडक नोट आणि शेंगाचटणीबरोबरची कडक भाकरी. इंग्रजीत या पाचांच्या चुली वेगळ्या. चहा स्ट्राँग, मास्तर स्ट्रिक्ट, ऊन स्कॉर्चिंग. नोट आणि भाकरी मात्र दोघी क्रिस्प. त्यांची सोयरीक कशी जमली, इंग्रजच जाणोत. 'हार्ड' म्हणालात तर भाकरी शिळी ठरते आणि 'स्ट्रिक्ट टी' म्हणालात तर चहा छडी घेऊन उभा राहतो. जोराचा पाऊस 'हेवी', जोराचा वारा 'स्ट्राँग', जोर तोच. कुठल्या शब्दाचं कोणाशी लग्न लागलंय हे व्याख्या सांगत नाही, वाक्य सांगतं. म्हणून वहीत नुसता 'स्ट्राँग' लिहू नये, 'स्ट्राँग टी' अशी जोडीच लिहावी.

कधीकधी ओळखीचा शब्दच दगा देतो. 'लूम' म्हणजे माग, हे आपल्या गावात शिकवावं लागत नाही. मग वाक्य येतं, 'अ स्टॉर्म लूम्ड', आणि पोरं वादळ विणायला घेतात! हा क्रियापदवाला लूम वेगळाच शब्द आहे: काहीतरी मोठं, धाक वाटेलसं समोर उभं ठाकणं. शब्दाशेजारचं नाम की क्रियापद हे बारीक अक्षर वाचलं असतं, तर माग वाचला असता. उलट 'एअरलूम' म्हणजे पिढीजात वस्तू, त्यातला लूम मात्र मागाचाच भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अवजार. 'शटल' म्हणजे धोटा हे एकदा कळलं, की शटल बस वेगळी पाठ करावी लागत नाही. तीही इकडून तिकडे, तिकडून इकडे. पण बॉक्सिंगमध्ये टॉवेल फेकणं म्हणजे हार मानणं, हे मात्र टॉवेलच्या गावाला पचायचं नाही.

कोशातल्या वाक्यांत बर्फ पडतो, पाइप गोठतात. मे महिन्यात चाळिशीपार पारा असताना ते वाचून घशाला तेवढाच गारवा. शब्द काही राहत नाही. वाक्य आपलं बनवावं आणि मग त्यातला शब्द झाकून बघावा. 'आय सॉ अ टॉवेल' यात टॉवेल झाकला तर तिथे बैलही बसतो, म्हणजे वाक्य फुकट. 'आंघोळीनंतर अंग पुसलं' असं आलं की दुसरं काही बसत नाही. कार्डाच्या एका बाजूला हे गाळलेलं वाक्य, मागे शब्द. दिवसाला दहाच कार्डं. पन्नास करणारे चौथ्या दिवशी दिसत नाहीत. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी घेऊ नयेत. आपल्याकडे दोन्हीकडून 'उसनं'च, त्यामुळे जन्मभर पेन कोणी दिलं आणि कोणी घेतलं याचा वाद राहतो. एक आज घ्यावा, दुसरा पंधरा दिवसांनी.

शेवटी, तिरप्या अक्षरातलं लेबल: फॉर्मल, इन्फॉर्मल, ऑफेन्सिव्ह. हे कोणीच वाचत नाही. आपल्या 'बे'ची नोंद करायची वेळ आली, तर कोशकाराला तिन्ही लेबलं कमी पडतील. व्याख्या: संबोधन. उदाहरण एक, जुन्या मित्राला: 'काय बे, जेवलास का?' उदाहरण दोन, सोलापूरच्या सात रस्ता चौकात अनोळखी रिक्षावाल्याला: 'काय बे...' पुढचं वाक्य तोच पूर्ण करतो.