‘पुण्यात भाव कधीच पडत नाही’: त्या फॉरवर्डला एका सोसायटी सेक्रेटरीचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा ग्रुपवर आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या, मामेभावंडांच्या, अगदी सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: भाड्यानं राहणं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा हप्ता भरा. पुण्यात जागेचा भाव कधी पडला नाही, पडणार नाही. महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नंबर असला की डोळे झाकून बुक करा. जुना फ्लॅट घेऊ नका, सोसायटीवाले छळतात. करार रेडी रेकनरच्या (सरकारी दराच्या) आकड्यानं करा, उरलेले रोख द्या, सगळे तेच करतात. आणि शेवटी धमकी: आज घेतलं नाहीत तर जन्मभर भाड्यातच राहाल.

मी सिंहगड रस्त्यावरच्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीचा दुसऱ्या टर्मचा सेक्रेटरी आहे. फ्लॅट विकला गेला की करारनामा आणि इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची, प्रत माझ्याकडे येते. त्यामुळे जिन्यात कोणता आकडा बोलला जातो आणि कागदावर कोणता उतरतो, हे दोन्ही मला दिसतं. माझ्या भाचीनं हा मेसेज वाचून विसार द्यायची तयारी केली होती. तिला जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगावं म्हणून लिहितोय.

‘भाडं पाण्यात जातं, हप्ता आपल्याच घरात जातो.’

हप्ता घरात जातो हे खरं, पण पहिली बरीच वर्षं त्यातला मोठा वाटा बँकेचा असतो. भाची बघत होती तो टूबीएचके ८० लाखांचा, बांधकाम चालू असलेला. २० लाख स्वतःचे, ६० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता बसतो साधारण ५२ हजार. पूर्ण हप्ता सुरू झाला की पहिल्या महिन्यात त्यातले ४२,५०० रुपये नुसतं व्याज. वर्षभरात सव्वासहा लाख भरायचे आणि कर्ज उतरणार जेमतेम १ लाख २० हजारांनी. ५ लाख ५ हजार व्याजात गेले. हे पाण्यात नाहीत का?

त्याआधीच्या खर्चाचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, त्यावरचा स्थानिक अधिभार आणि २०२२पासूनचा मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे इथे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, ४ लाख. एकूण ९ लाख ९० हजार. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही, ते घरातूनच उभे करावे लागतात. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथे सरळ ८० हजार वाचतात. बऱ्याच जणांना हे दस्त नोंदवून झाल्यावर कळतं, म्हणून मध्येच सांगितलं.)

म्हणजे तिच्या खिशातून आधीच जवळजवळ ३० लाख जाणार. ते साडेसहा टक्क्यांनी ठेवीत राहिले असते तर वर्षाला १ लाख ९५ हजार मिळाले असते. मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर वर्षाचे ३६ हजार. व्याज, बुडालेलं व्याज आणि मेंटेनन्स मिळून ७ लाख ३६ हजार झाले. वारज्यात तेवढ्याच घराला ती भाडं देते महिना २४ हजार, वर्षाचे २ लाख ८८ हजार. फरक ४ लाख ४८ हजारांचा. ८० लाखांचं घर त्या वर्षात साडेपाच टक्क्यांहून जास्त वाढलं तरच ती बरोबरीला येते, आणि मुद्रांक-जीएसटीचे दहा लाख यात धरलेलेच नाहीत. शिवाय ताबा मिळेपर्यंत एकीकडे भाडं चालूच आणि दुसरीकडे बँकेनं जेवढी रक्कम बिल्डरला दिली तेवढ्याचं व्याजही चालू. ज्याची जुनी करप्रणाली आहे त्याला व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते, ठेवीच्या व्याजावर कर लागतो. तो हिशेब ज्यानं त्यानं आपल्या स्लॅबप्रमाणे मांडावा.

घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. भाडं दरवर्षी चढतं, मुद्दल मात्र हळूहळू फिटत जातं. दहा-बारा वर्षं त्याच घरात राहायचं असेल तर पारडं फिरू शकतं. अकरा महिने संपता संपता येणारा घरमालकाचा फोन, मुलांच्या शाळेच्या ऐन मध्यात शोधावं लागणारं नवं घर, हा त्रास कुठल्याच बेरजेत धरता येत नाही, आणि तो खरा असतो. स्वतःच्या भिंतीला खिळा ठोकायचं सुख मीही अनुभवलंय. पण भाड्याच्या पावत्या बघून एखाद्या तरुण जोडप्याला आपण मूर्ख आहोत असं वाटायला लावणं चूक आहे. भाडं देऊन ते छप्पर घेतात आणि वर पाच-दहा वर्षं मोकळी ठेवतात.

‘पुण्यात भाव कधी पडत नाही.’

पडतो. पुष्कळदा तो जागेवर थांबतो, आणि कर्जावर घर घेतलेल्या माणसासाठी थांबणं म्हणजे पडणंच. आमच्याच सोसायटीत २०१४मध्ये ६२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२०च्या जानेवारीत ६१ लाखांना गेला. सहा वर्षं राहिला तो माणूस, पण भरलेलं व्याज आणि मुद्रांक शुल्क मिळवलं तर त्याला किती तोटा झाला हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तो काळच तसा होता. नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी, मे २०१७पासून महारेरा, जुलैत जीएसटी, २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कोसळल्यावर बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनी आखडलेला हात. तयार फ्लॅट विकले जात नव्हते आणि विकणारा दर महिन्याला आकडा खाली आणत होता.

पुढे भाव वाढला, हेही तितकंच खरं. सप्टेंबर २०२०पासून राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी कमी केलं, गृहकर्ज सात टक्क्यांच्या खाली आलं, आयटीत भरती जोरात झाली. भाव कारणानं चढतो आणि कारण सरलं की थांबतो. पुण्याच्या हवेत वेगळं काही नाही.

दुसरं, ‘पुणे’ हा एक बाजार नाहीच. कोथरूडच्या जुन्या कॉलनीतला फ्लॅट आणि वाघोलीतला टॉवर यांचा भाव एकाच वाक्यात कसा सांगता येईल? वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली, पण पाणी त्याच दिवशी आलं नाही. जिथे टँकर रोज येतो तिथे उन्हाळ्यात मेंटेनन्सचं बिल बघा, मग भाव बोला. आमच्याच रस्त्यावर २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी शिरलं. नदीकाठी घर बघणाऱ्याला मी आधी निळी रेषा (पूररेषा) कुठून जाते ते विचारायला सांगतो. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ब्रोशरमधल्या ‘रिव्हर व्ह्यू’ला विचारून येत नाही.

आणि ‘मेट्रो येतेय, विमानतळ येतोय’ हे तर आजच भावात धरून तुमच्याकडून वसूल केलं जातं. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ला झालं. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६मधली. त्या भरवशावर तेव्हा चढ्या भावानं घेणाऱ्यांनी हप्ते त्याच महिन्यापासून भरले. विमान कधी उडणार, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं.

मग खरा भाव कळावा कसा? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. जिल्हा, गाव, सर्व्हे नंबर किंवा फ्लॅटचा तपशील टाकला की इंडेक्स टू दिसतो. त्यात ‘मोबदला’ म्हणून एक आकडा असतो आणि ‘बाजारभाव’ म्हणून दुसरा. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारचा रेडी रेकनर, म्हणजेच वार्षिक मूल्य दर तक्ता. भाचीला मी त्याच इमारतीचे गेल्या आठ महिन्यांतले पाच दस्त काढून दिले. तिला ८० लाख ‘शेवटचा भाव’ म्हणून सांगितला होता, तेवढ्याच कार्पेटचा (भिंतींच्या आतल्या क्षेत्राचा) फ्लॅट त्याच विंगमध्ये ७२ आणि ७३ लाखांना नोंदवला होता. शेजारी काय म्हणतो, एजंट काय म्हणतो, यापेक्षा हे पाच कागद मोठे.

विकणाऱ्यालाही हेच लागू. वरच्या मजल्यावरच्यांनी ‘आमच्याला नव्वद आले’ असं लिफ्टमध्ये सांगितलं म्हणून आपला फ्लॅट नव्वदला लावून वर्ष घालवणारे मी पाहिलेत. आलेला फोन आणि झालेला करार यांत फरक असतो.

‘महारेरा नंबर असला की डोळे झाकून बुक करा.’

महारेरानं फार चांगलं काम झालंय, आणि म्हणूनच ते वापरा. नंबर म्हणजे प्रकल्प नोंदवला एवढंच. जमिनीचा मालकी हक्क निर्वेध आहे याची ती हमी नाही. नंबर टाकून त्याच पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट, जमिनीवरचा बोजा, चालू दावे, मंजूर मजले किती आणि ‘प्रस्तावित’ किती, ताब्याची नोंदवलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, हे सगळं बघायला मिळतं. डोळे उघडे ठेवायची सोय सरकारनं करून दिली आणि मेसेज सांगतो ते झाका!

किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घेता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. बुकिंगलाच २० टक्के मागितले तर तिथूनच उठा. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागायचा हक्क आहे, पण आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यात अंतर असतं. बिल्डरनं दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे पुन्हा रांग.

‘जुना फ्लॅट नको, सोसायटीवाले छळतात.’

हा आरोप माझ्यासारख्यांवर आहे, आणि काही ठिकाणी खरा आहे हे मान्य करतो. ‘डोनेशन’च्या नावाखाली लाखभर मागणाऱ्या सोसायट्या आहेत. पण नियम ऐका: ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, हे शासनानं २००१मध्येच ठरवलंय. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. बँका मागतात म्हणून आम्ही देतो. जास्त मागितलं तर लेखी मागा आणि उपनिबंधकांकडे जा. बहुतेक ठिकाणी ‘लेखी द्या’ म्हटलं की आकडा खाली येतो.

तयार घरात पाणी किती दाबानं येतं, दुपारी ऊन कुठून येतं, वर कोण राहतं, हे बघून घेता येतं. जीएसटी नाही. कागद मात्र चोख बघा: आधीच्या प्रत्येक खरेदीचा मूळ दस्त, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, इमारतीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय की नाही. कोथरूड-कर्वेनगर भागात आता आईवडिलांचे फ्लॅट मुलं विकतात. तिथे शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर जास्तच जपा. इथल्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस कापायचा असतो. अनिवासी विक्रेत्याला तो १ टक्का लागू नाही, दर कितीतरी जास्त आहे, आणि कमी कापायचा तर आयकर खात्याचा दाखला त्यानं आणावा लागतो. कमी कापलात तर नोटीस तुम्हाला येते, अमेरिकेला नाही.

‘रेडी रेकनरनं करार करा, बाकी रोख.’

हे सगळ्यात घातक. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, हे २०१५पासूनचं. कर्ज करारातल्या रकमेवर मिळतं, म्हणून रोख वाटा पूर्ण तुमच्या गाठीचा. पुढे तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावरचीच धरली जाणार, म्हणजे आज विकणाऱ्यानं वाचवलेला कर उद्या तुम्ही भरणार.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक फ्लॅट असाच ठरला. घेणारा मुलगा तिशीतला, पहिलंच घर. साठेखताच्या (खरेदीआधीच्या कराराच्या) वेळी त्यानं ९ लाख रोख दिले, पावती नाही, कारण ‘विश्वासातलं’ होतं. महिन्याभरात विकणाऱ्याच्या बहिणीनं वारसा हक्काची नोटीस लावली आणि व्यवहार मोडला. चेकनं दिलेले पैसे त्याला परत मिळाले. ९ लाखांबद्दल विकणारा म्हणाला, कसले? त्या संध्याकाळी तो मुलगा सोसायटीच्या ऑफिसात बसला होता. हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर पेन्सिलनं तारखा आणि आकडे लिहिलेले. मला विचारत होता, काका, याला पुरावा म्हणता येईल का.