चार बोटं वाळू

प्रवाळाची टाकी आणायची ठरली तेव्हा घरात जी काही चर्चा झाली ती माशांच्या रंगांवर. तळाला काय घालायचं, हा प्रश्न मी ‘वाळू, दुसरं काय!’ म्हणून निकालात काढला. पुढचे दोन महिने मी त्याच वाळूत रुतून बसलो.

आधी कळलं की वाळू म्हणजे नुसती वाळू नव्हे. नेहमीची वाळू सिलिकाची. ती पाण्यात ढिम्म पडून राहते. खाऱ्या टाकीला लागते अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. प्रवाळ आपला सांगाडा बांधतात तो याच मालाचा. खालच्या थरात पाणी आम्लतेकडे झुकलं की ही वाळू थोडी थोडी विरघळते आणि पाण्याला कॅल्शियम परत करते. वाळूकडूनही परतफेडीची अपेक्षा ठेवायची असते हे मला नवीन होतं.

मग दाण्याचा घोळ. मिलिमीटरच्या आतली बारीक वाळू दिसायला देखणी, पण पंपाचा झोत लागला की उडते. तीन-चार मिलिमीटरचा जाड चुरा जागचा हलत नाही, पण त्याच्या फटींत माशांची घाण जाऊन बसते आणि मग तीही जागची हलत नाही. मी १ ते २ मिलिमीटरचा दाणा घेतला. स्वभावच मधला मार्ग काढायचा. तोच पुढे नडला.

कारण खरी गोम होती थराच्या उंचीत. काही जाणकार सांगतात, तळाला काहीच घालू नका. उघडी काच ठेवा, पंप जोरात लावा, घाण नळीनं ओढून घ्या. काहींच्या मते २ ते ५ सेंटिमीटर पुरे. तिसरे म्हणतात, १० ते १५ सेंटिमीटर घाला आणि परत हात लावू नका. या जाड थरात खाली प्राणवायू पोचत नाही, तिथले जीवाणू माशांच्या घाणीतून होणाऱ्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. आणखी खाली हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठू शकतो, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. म्हणून उकरायचं नाही. नीस विद्यापीठातल्या ज्याँ जोबेर यांनी तर वाळू जाळीवर ठेवून खाली नुसत्या पाण्याची पोकळी सोडली, आणि मोनॅकोच्या मत्स्यालयातल्या टाक्या या पद्धतीवर चालवल्या.

माझा तळ ९० बाय ४५ सेंटिमीटर. १२ सेंटिमीटरचा हिशोब केला तर वाळू ७० किलोच्या वर गेली. बायको कागदात डोकावून म्हणाली, “अहो, यात मासे सोडायचेत ना? की स्लॅब टाकायचाय?”

ठरवाठरवीला कंटाळून मी थराला चार बोटं लावली आणि थांबलो. साधारण ७ सेंटिमीटर. सगळे पंथ एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं बऱ्यापैकी जमतं, की हीच उंची घालू नये. नळीनं साफ करायला जास्त, नायट्रेट खाली आणायला कमी. हे मला वाळू घातल्यावर समजलं. प्रवाळ बसवायचे दगड आधी थेट काचेवर टेकवायचे आणि वाळू मागून घालायची, नाहीतर बीळ करणारे प्राणी दगडाखालची वाळू काढून दगड पाडतात, हेही त्याच संध्याकाळी समजलं.

त्याआधी धुण्याचं प्रकरण झालं होतंच. बादलीत वाळू, वर पाणी, ढवळा, ओता. पहिलं पाणी कालवलेल्या चुन्यासारखं. चुना तरी निवळतो. हे सातव्या बादलीलाही पांढरंच होतं. नवव्या बादलीला मी माझ्या डोळ्यांची सवय बदलली आणि पाणी स्वच्छ आहे असं जाहीर केलं. टाकीत पुढे दोन दिवस धुकं होतं.

पिवळा रास मासा आणला. सोडल्या सोडल्या त्यानं वाळूत सूर मारला तो तीन दिवस वर आलाच नाही. ही जात घाबरली की वाळूत शिरते आणि रात्री झोपतेही वाळूतच, हे वाचलेलं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. चौथ्या दिवशी स्वारी बाहेर आली, अंगावर एक ओरखडा नाही, आणि चेहऱ्यावर ‘काय झालं?’

मग डायमंड गोबी. तो तोंडभर वाळू घेतो, कल्ल्यांतून गाळून सोडतो, की पुढचा घास. इथवर ठीक. पण हा गृहस्थ तोंड भरून वर उठतो आणि नेमका माझ्या प्रवाळांवर येऊन पिचकारी टाकतो. मी रोज सकाळी पिचकारीनंच ती वाळू झटकतो. आम्ही दोघं नियमित आहोत.

परवा बायको पट्टी घेऊन टाकीपुढे बसली होती. डावीकडे पंपाच्या झोतापुढे नुसती काच. मध्ये ३ सेंटिमीटर. उजव्या कोपऱ्यात, गोबीच्या कृपेनं, १४.

“अहो,” ती म्हणाली, “ते तिन्ही पंथ होते ना तुमचे, सगळे इथंच आहेत.”

मी पट्टी घेऊन पुन्हा मोजलं. ७ सेंटिमीटर असा थर टाकीत कुठंच नव्हता.