फक्त काकांना विचारू नका

टीमसाठी वर्कफ्लो ऑटोमेशनचा, म्हणजे रोजची कामं एका ॲपमधून दुसऱ्यात आपोआप ढकलणारा, प्लॅटफॉर्म निवडायचाय? अभिनंदन. मग एक पथ्य कडक पाळा: काम आत्ता नेमकं कसं चालतं, हे बघायला अजिबात जाऊ नका. अकाउंट्समधल्या काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलात की घात झालाच म्हणून समजा. पुरवठादाराचं बिल आलं की काका जीएसटी नंबर बघतात, पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) आकडे ताडतात, इथवर ठीक. पण एका ठरावीक पुरवठादाराचं बिल दिसलं की ते बाजूला ठेवून फोन लावतात, कारण तो गृहस्थ वाहतूक खर्च दोनदा लावतो. दर वेळी नाही, मार्च जवळ आला की. आता हे फ्लोच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीच्या, कुठल्या चौकोनात बसवणार? तेव्हा काकांना टाळा आणि थेट डेमो बघा.

डेमो फार गोड असतो. फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ पडते, स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटवर) निरोप जातो, सगळे माना डोलावतात. डेमोतल्या ग्राहकाचं नाव जॉन असतं. जॉन आपला मोबाइल नंबर एकाच पद्धतीने लिहितो. कधी पुढे +९१, कधी शून्य, कधी मध्येच मोकळी जागा आणि शेवटी ‘व्हॉट्सॲप हाच’, असं तो करत नाही. तुमच्या ग्राहकांनीही जॉनसारखं वागावं, अशी अपेक्षा धरून पुढे चला.

मग तुलनेचा तक्ता करा. चाळीस रकाने तरी हवेत, नाहीतर साहेबांना अभ्यास वाटत नाही. ‘किती ॲप्स जोडता येतात’ हा रकाना पिवळा रंगवा. झेपियर नावाच्या प्लॅटफॉर्मचा आकडा हजारांत आहे, छाती भरून येते. तुम्हाला जोडायचीयत तीन: जीमेल, गूगल शीट आणि टॅली. पहिली दोन सगळ्यांकडे असतात. टॅली काकांच्या टेबलाखालच्या, पंख्याचा आवाज करणाऱ्या डब्यात आहे. संध्याकाळी जाताना काका तो बंद करतात, म्हणजे रात्री क्लाउडने कितीही हाका मारल्या तरी आतून ओ येणार नाही. हा मुद्दा मीटिंगमध्ये काढू नका. वातावरण बिघडतं.

किमतीचं तर मुळीच खोलात जाऊ नका. झेपियर टास्क मोजतं, म्हणजे ट्रिगरनंतरची (काम सुरू करणाऱ्या घटनेनंतरची) पार पडलेली जवळजवळ प्रत्येक पायरी. एन-एट-एन या दुसऱ्या प्लॅटफॉर्मचं क्लाउड पूर्ण फेरी मोजतं, आत पायऱ्या चार असोत की चाळीस. महिन्याला २०० बिलं आणि प्रत्येकाच्या मोजल्या जाणाऱ्या चार पायऱ्या धरल्या, तर एकीकडे ८०० आणि दुसरीकडे २००. ‘मेक’ नावाच्या तिसऱ्या प्लॅटफॉर्मची गंमत आणखी वेगळी. तिथं दर पंधरा मिनिटांनी ‘काही आलं का हो?’ म्हणून डोकावणारा ट्रिगर लावलात, तर काही आलं नाही तरी ते डोकावणं मोजलं जातं. दिवसाला ९६, तीस दिवसांत २८८०. फुकट योजनेतली हजाराची शिदोरी अकराव्या दिवशीच संपते, तीही एकही बिल न येता. हे गणित पाचवीतलं पोरगं करेल, म्हणूनच आपल्यासारख्यांनी करू नये.

‘आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट आहेच की,’ असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या. त्यांच्या पॉवर ऑटोमेट या प्लॅटफॉर्ममधले साधे कनेक्टर (ॲप जोडणारे दुवे) त्यात येतात. एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) किंवा साधी एचटीटीपी विनंती (दुसऱ्या वेबसेवेला घातलेली हाक) मात्र प्रीमियम, तिचा परवाना वेगळा. हे फ्लो बांधून झाल्यावर कळावं, त्यात मजा आहे. त्यातच मंजुरीची पायरी टाका. साहेबांना ‘मंजूर’चं बटण जाईल. एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस तग धरते, मग राम म्हणते. आमच्या साहेबांनी हे तीस दिवस कधी वाया जाऊ दिलेले नाहीत.

कंपनीत एखादा हौशी डेव्हलपर असेल, तर तो एन-एट-एन आपल्याच सर्व्हरवर फुकट बसवून देतो म्हणेल. बसवू द्या. टाइमझोन बदलायची आठवण तेवढी करू नका. मूळ सेटिंग न्यूयॉर्कचं असतं. सकाळी नऊची आठवण उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला येईल, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेसातला. बदल म्हणून बरा असतो.

राहिला प्रश्न मालकीचा. सगळे फ्लो इंटर्नच्या खात्यातून बांधून घ्या, तो उत्साही असतो. जूनमध्ये तो जाईल, आयटीवाले त्याचं खातं शिस्तीत बंद करतील आणि फ्लो गपगार होतील. ‘फ्लो बंद पडला’ असा मेल येईलच म्हणा. इंटर्नला.

आमच्याकडे सगळं यथासांग पार पडलं. काकांनी आता एक नवी दोनशे पानी वही घातली आहे. कोणती बिलं ऑटोमेशनमधून गेली आणि कोणती मध्येच अडकली, हे ते रोज सकाळी त्यात लाल पेनाने लिहितात. ही वही ऑटोमेट करता येईल का, अशी वरून विचारणा झाली आहे. डेमो मंगळवारी आहे. काकांना बोलावलेलं नाही.