पांढऱ्या तोंडाचं घुबड आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो मेसेज

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा मावशीचा फोन आला, आवाज रडवेला. काकांची नुकतीच बायपास झालीये, ते घरी आलेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला की बिल्डिंगमध्ये पांढऱ्या तोंडाचं घुबड मुक्कामाला आलं की तिथलं आजारी माणूस वाचत नाही. मावशीच्या बाथरूमच्या डक्टमध्ये घुबडाची जोडी आहे, पिल्लंही आहेत, ती इतके दिवस ते कौतुकाने बघत होती, मला फोटो पाठवत होती. आणि आता विचारत होती की काकांना काही दिवस तुझ्याकडे आणून ठेवू का. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरात हे असलं काही पाठवताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

मेसेज बराच फिरलाय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात थोडक्यात असं आहे: घुबड आलं की घरात मृत्यू. त्याला दगड मारला तर ते तो दगड उचलून पाण्यात घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. लहान मुलांचे डोळे फोडतं. विष्ठेने रोगराई होते. दिवसा आंधळं असतं म्हणून भर दुपारी डक्टमध्ये धूर करायचा आणि गोणपाट टाकून पकडायचं. आणि शेवटी, फोटो आणि बिल्डिंगचा पत्ता अमुक नंबरवर पाठवा, दिवाळीआधी माणूस येऊन फुकट घेऊन जाईल, लक्ष्मीचं वाहन असल्याने वर पैसेही मिळतील.

पहिलं म्हणजे मृत्यूचं. घुबड रोज रात्री फिरतं, शेकडो घरांवरून ओरडत जातं. बाकीची घरं झोपलेली असतात. ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे कुणीतरी जागं असतं, त्यांना तो आवाज ऐकू येतो, आणि पुढे दुर्दैवाने काही झालं की तेवढंच लक्षात राहतं. माणूस बरा होऊन हिंडायला लागला तर घुबड ओरडलं होतं हे कोण सांगत बसतं? शिवाय बंगालमध्ये नेमकं हेच पांढऱ्या तोंडाचं घुबड लक्ष्मीचं मानतात, घरात आलं तर शुभ समजतात, हाकलत नाहीत. आणि आपल्याकडेच पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी पिंगळ्याची भाषा कळते म्हणून सांगायचा आणि घरोघरी भलं होईल असं बोलून जायचा, पिंगळा म्हणजे घुबडच की. मग एकच पक्षी कलकत्त्यात लक्ष्मी आणि पुण्यात यम कसा होईल?

रात्रीच्या आवाजाने लोक घाबरतात हे मात्र मान्य करते. मोठं घुबड चिरकतं, ऐकून अंगावर काटा येतो, आणि पिल्लं भूक लागली की रात्रभर फुसफुसत राहतात, कुकरची शिट्टी नीट बसली नाही की वाफ निघते तसा आवाज. मावशीच्या वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं डक्टमध्ये साप आहे. साप नाही, भूतही नाही, चार भुकेली पोरं आहेत.

दगड झिजवण्याबद्दल काय बोलायचं? घुबड दगड उचलत नाही, घासत नाही. या भीतीने दोनचार पोरांचे हात दगड उचलताना थांबले असतील तर तेवढाच काय तो त्या गोष्टीचा उपयोग.

मुलांचे डोळे. या पांढऱ्या तोंडाच्या, म्हणजे गव्हाणी घुबडाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं, भरगच्च पिसांमुळे मोठं दिसतं इतकंच. ते खातं उंदीर, घुशीची पिल्लं, चिचुंद्र्या, कधी एखादं वटवाघूळ किंवा छोटा पक्षी, आणि जमेल तेवढं अख्खंच गिळतं. माणसाचं मूल त्याच्या खाण्यात बसतच नाही. हां, घरट्यात हात घातलात तर ते डोकं खाली घालून झुलतं, फिस्कारतं, नखंही मारेल, आणि नखं धारदार असतात. पण घरट्यात हात घालायला सांगतंय कोण? तो मेसेजच सांगतोय.

आता रोगराई. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करावं लागतं. डक्टमध्ये घाण होते, वास येतो, कुठल्याही पक्ष्याची वाळलेली विष्ठा झाडताना तिची धूळ नाकात जाऊ देऊ नये, काकांसारख्या माणसाच्या खोलीची त्या बाजूची खिडकी बंद ठेवलेली बरी. साफ करायचं तर आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, नंतर साबणाने हात धुवा. कबुतरांच्या बाबतीत जी काळजी घ्यायची तीच, आणि कबुतरं तर त्याच बिल्डिंगमध्ये थव्याने आहेत, त्यांच्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही.

पण डक्टच्या तळाशी ज्या काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात आणि ज्यांचा फोटो त्या मेसेजमध्ये विष्ठा म्हणून लावलाय, ती विष्ठा नाहीच. घुबड शिकार गिळतं, मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत, त्याची पोटात गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. ताजी असताना ती काळी आणि चकचकीत दिसते, वाळली की करडी पडते. मी मावशीकडची एक आणली, जुन्या वाटीत कोमट पाण्यात भिजवली आणि टूथपिकने सोडवली. आधी नुसते ओले केस निघत राहिले, मग नखाएवढा जबडा, मग अख्खी कवटी, तिचे पुढचे दोन दात वाकडे आणि गडद नारिंगी, म्हणजे उंदीर. तिच्याच खाली दुसरी लांबट निमुळती कवटी, दात पांढरे, टोकदार, म्हणजे चिचुंद्री. एका गोळीत दोन जीव! आणि घरट्यात पिल्लं असली की आईबाप रात्रभर उंदीर आणत राहतात. रोगराईची एवढी काळजी असेल तर पावसाळ्यात लेप्टो कुणाच्या मुतातून पसरतो ते आठवा. इस्रायलमध्ये शेतकरी 1980च्या दशकापासून याच जातीच्या घुबडांसाठी शेतात पेट्या लावतात, उंदरांवर विष टाकावं लागू नये म्हणून, आणि 2002 पासून जॉर्डनचे आणि पॅलेस्टिनी लोकही त्यात आलेत, ज्यांचं एरवी एकमेकांशी कशावरच पटत नाही.

विषावरून आठवलं. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकून जातात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस गुंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, घुबडाला तो सहज मिळतो आणि विष त्याच्याही पोटात जातं. डक्टमध्ये घुबडं असतील तोवर तरी वड्या बंद ठेवायला सांगा, पिंजरे लावा.

आता ज्या दोन मुद्द्यांसाठी मी हे लिहायला बसले ते. घुबड दिवसा आंधळं असतं हे साफ खोटं आहे. त्याला दिवसाही दिसतं, बाहुली आकसून घेतं इतकंच. दिवसा ते बाहेर पडत नाही कारण शिकार रात्री हिंडते आणि दिवसा कावळे जगू देत नाहीत. कान तर त्याहून तयार, एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढंच नाही, तर वरून आला की खालून हेसुद्धा कळतं. रॉजर पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने (पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगाला माहीत झाला तोच) गव्हाणी घुबड पूर्ण अंधाऱ्या खोलीत ठेवून दाखवून दिलं की नुसत्या सळसळीवर ते उंदीर पकडतं. तर असा पक्षी दुपारी बेसावध सापडेल म्हणून तुम्ही डक्टमध्ये धूर करणार. डक्ट म्हणजे उभं धुरांडं, धूर सरळ वर जाणार, प्रत्येकाच्या बाथरूममध्ये शिरणार, काकांच्याही, आणि तिथे प्लॅस्टिकचे पाईप, केबल्स, वाळलेला कचरा, एक ठिणगी पडली तर काय होईल याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलाय का? मोठी घुबडं भर उन्हात बाहेर फेकली जातील, कावळे आणि घारी त्यांच्या मागे लागतील. पिल्लं उडू शकत नाहीत, ती गुदमरून तिथेच मरतील नाहीतर खाली पडतील. बरं, पिल्लं एका वयाचीही नसतात, मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते म्हणून मोठं जवळजवळ उडायला आलेलं असताना धाकटं अजून बरंच मागे असतं.

आणि हा गुन्हा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं हेही त्यातच येतं. गोणपाट टाकणारा वॉचमन आणि त्याला सांगणारी कमिटी, दोघंही अडकतील.

राहिला शेवटचा मुद्दा, फोटो आणि पत्ता पाठवा. मावशीच्या ग्रुपवर दोघांनी तो पाठवलाही होता, चांगल्या मनाने, त्यांना वाटलं कुणी पक्षीमित्र असेल. ट्रॅफिक ही संस्था वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवते, तिचा 2010 सालचा भारतातल्या घुबडांवरचा अहवाल आहे. त्यात नोंद आहे की आपल्याकडच्या 30 जातींपैकी 15 जातींची घुबडं बाजारात सापडली, जादूटोणा आणि बळीसाठी, डोक्याची कवटी, नखं, पिसं, हाडं, रक्त सगळं विकलं जातं, आणि दिवाळीच्या आसपास मागणी वाढते. हे वाचा आणि मग तो मेसेज पुन्हा वाचा. एकीकडे अपशकुनी म्हणून घाबरवायचं, दुसरीकडे लक्ष्मीचं वाहन म्हणून पैसे देऊ करायचे, मधे दिवाळीची मुदत. नंबर कुणाचाही असो, फुकट घेऊन जाणारा माणूस घुबडाला जंगलात सोडायला नेत नाही. लक्ष्मीवर खरंच श्रद्धा असेल तर तिचं वाहन अमावस्येच्या रात्री कापायला देणारे तुम्ही कोण? माझ्या मावशीच्या भीतीचा वापर करून कुणीतरी तिच्या डक्टमधली पिल्लं मागतंय, याचा मला राग येतो.

म्हणून घुबडाचा फोटो टाकायचा तर टाका, बिल्डिंगचं नाव, गल्ली, लोकेशन टाकू नका, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी. पिल्लू खाली पडलं, जखमी घुबड दिसलं किंवा कुणी पकडायला आलं तर वनविभागाची 1926 हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि मनातली भीती काढायची असेल तर पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला जा, तिथे इला फाउंडेशन या निसर्गसंस्थेने 2018 साली घुबडांचा महोत्सव भरवला होता.

मावशीच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे की डक्टला जाळी बसवायचीच. बसवा, तो तुमचा हक्क आहे, पण आत्ता नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून पिल्लाला उडायला साधारण दोन महिने लागतात आणि धाकटं सगळ्यात शेवटी जातं. फुसफुस थांबली की लगेच माणूस चढवू नका, आणखी काही रात्री थांबा, संध्याकाळी अंधार पडताना गच्चीवरून बघा कुणी बाहेर पडतंय का, मग दिवसा टॉर्च मारून प्रत्येक मजल्याची कडा तपासा, आणि आत कुणी नाही याची खात्री झाली की मगच जाळीवाल्याला बोलवा.