पीकेसी ‘चालू’ राहिलं की संपतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : जमालगोट्याच्या तेलातली फॉर्बॉल एस्टर ही द्रव्यं प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी (इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं पेशीतलं एन्झाइम), चालू करतात आणि तीच उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवतात. मग पीकेसी कर्करोगाला आवर घालतं, हे मूळ लेखातलं माझं म्हणणं टिकतं कसं? शिवाय ‘फॉस्फेट लागलं की एन्झाइम चालू, निघालं की बंद, हे बारावीचं पोरही सांगेल’, असंही तुम्ही म्हणता.

फॉर्बॉल एस्टर थेट पीकेसीलाच चालना देतात हे निशिझुका यांच्या कोबे इथल्या गटाने १९८२ साली दाखवलं. त्यानंतर जवळपास तीन दशकं जाणत्या संशोधकांनीही तुमच्यासारखाच हिशेब मांडला. तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

आधी फॉस्फेटचं बघू. पीकेसीचे अनेक प्रकार आहेत; त्यांतल्या अल्फा, बीटा यांसारख्यांना बारावीचा नियम लागू पडत नाही. प्रथिन तयार होतं तेव्हाच पीडीके-१ हे दुसरं एन्झाइम त्याच्यावर पहिलं फॉस्फेट बसवतं, मग शेपटाकडच्या दोन जागा भरतात. बाहेरून संदेश येण्याआधीच हे सगळं उरकलेलं असतं. म्हणजे फॉस्फेट लागलेलं पीकेसी कामाला तयार असतं, पण बंद! त्याला बंद ठेवणारा तुकडा त्याच्याच साखळीत असतो. तो दिसतो हुबेहूब सब्स्ट्रेटसारखा, म्हणजे पीकेसी ज्यावर फॉस्फेट बसवतं त्या प्रथिनासारखा; फक्त जिथे सेरीन किंवा थ्रिओनीन हे अमिनो आम्ल हवं तिथे अ‍ॅलनीन असतं. अ‍ॅलनीनला फॉस्फेट धरायला हायड्रॉक्सिल गटच नाही. त्यामुळे न फिरणारी किल्ली कुलपात अडकावी तसा तो सक्रिय जागेत बसून राहतो. हाउस आणि केम्प यांचं १९८७ सालचं हे काम मला आजही फार देखणं वाटतं.

संदेश आला की कॅल्शियम वाढतं आणि पेशीपटलात डायअसिलग्लिसरॉल हा संदेशवाहक मेद तयार होतो. पीकेसी पटलाला चिकटतं, अडकलेला तुकडा बाहेर पडतो आणि काम सुरू होतं. पण असं उघडलेलं पीकेसी फॉस्फटेजच्या, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमच्या, तावडीतही सापडतं. फॉस्फेट गेलं की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. डायअसिलग्लिसरॉल लवकर संपतं, म्हणून एरवी पीकेसी पुन्हा मिटून बचावतं. फॉर्बॉल एस्टर मात्र पेशीला सहजी मोडता येत नाहीत. पेशींवर ते रात्रभर ठेवा आणि सकाळी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून हवं ते पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा : ८० किलोडाल्टनजवळची पीकेसी-अल्फाची पट्टी फिकट तरी झालेली असते, नाहीतर गायब. पेशींतलं पीकेसी संपवायला प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं हीच युक्ती वापरली आहे. उंदरांच्या कातडीवरही हे द्रव्य एकदाच नव्हे, आठवडेच्या आठवडे लावतात. तिथे पीकेसी शेवटी वाढलं की घटलं, हा प्रश्न म्हणून विचारायलाच हवा.

२०१५ साली अलेक्झांड्रा न्यूटन यांच्या गटाने कर्करोगात सापडलेली ४६ उत्परिवर्तनं तपासली. बहुतेकांनी पीकेसी निकामी केलं होतं, वाढीव काम करणारं एकही निघालं नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतलं पीकेसी-बीटामधलं असंच एक उत्परिवर्तन दुरुस्त केल्यावर उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावली.

एका बाबतीत तुमचा संशय रास्त आहे. सगळी पीकेसी एका माळेची नाहीत. पीकेसी-आयोटा डायअसिलग्लिसरॉलला दादच देत नाही आणि अनेक गाठींमध्ये ते वाढलेलं आढळतं. डोळ्यातल्या मेलानोमातही, जिथे बऱ्याचदा जीएनएक्यू नावाचं जनुक बिघडलेलं असतं, पीकेसीचा मार्ग गाठीला मदतच करतो आणि तिथे पीकेसी रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. मूळ लेखातलं माझं विधान अल्फा-बीटाच्या कुळाबद्दल आहे, तेवढ्यापुरतंच ते वाचावं.