गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही, गोव्यातही नाही

पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक मराठी मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गर्भपाताला नवऱ्याची लेखी संमती लागते, आणि गोव्यात पोर्तुगीज कायदा असल्यामुळे तर लागतेच लागते. अविवाहित मुलीला गर्भपात करून घेता येत नाही. इस्पितळ पोलिसांना कळवते. तरीही कायद्याने कितव्याही महिन्यात पोट पाडायची मोकळीक देऊन ठेवली आहे. हे सगळे पाश्चात्त्य थेर आहेत, त्यातूनच मुली मारल्या जातात, आणि एकदा गर्भपात झाला की पुन्हा मूल होत नाही. एकाच मजकुरात कायदा फार कडकही आहे आणि फार सैलही. लिहिणाऱ्याला ते खटकलेले दिसत नाही.

गर्भपात पाप आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने ते जरूर म्हणावे. गोव्यात देवळातही तसे मानणारे आहेत आणि चर्चमध्येही. पण आपले मत कायद्याच्या तोंडी घालायचे आणि ते खरे समजून कुणा बाईने चार आठवडे घरात बसून काढायचे, हे चालणार नाही. कारण या कायद्यात सगळा हिशेब आठवड्यांचा आहे, आणि ते मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकल्याचे कळते तेव्हाच चार आठवडे खर्ची पडलेले असतात.

आता सहीचे. हा समज गोव्यात इतका घट्ट का, ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक कायदे अजून चालतात. लग्नाची सही सिव्हिल रजिस्ट्रारपुढे होते, मालमत्ता सहसा दोघांची सामायिक असते, घर किंवा भाट (बागायत) विकायला निघालात तर नवरा-बायको दोघांनाही सही करावी लागते. जमिनीला दोघांच्या सह्या, मग गर्भाला का नकोत, असा सरळ तर्क लोक करतात. पण ती संहिता विवाह-मालमत्तेसारख्या नागरी बाबींपुरती आहे. गर्भपाताला लागू आहे तो संसदेचा 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा. तो 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला आणि गोव्यात जसाच्या तसा चालतो. त्याचे तिसरे कलम स्पष्ट सांगते की संमती फक्त गर्भवती स्त्रीची हवी. ती अठरा वर्षांखालील किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची. नवऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. सासू-सासऱ्यांचा तर नाहीच नाही. (पोर्तुगालचाच दाखला द्यायचा तर तिथे 2007 च्या सार्वमतानंतर पहिल्या दहा आठवड्यांत स्त्रीच्या इच्छेवरून गर्भपात करता येतो.)

संमतीचा जो नमुना आहे, फॉर्म सी, तो एकदा डोळ्यांखालून घालावा. अर्ध्या पानाचा कागद. 'मी अमुक, अमुक यांची मुलगी किंवा पत्नी, वय इतके, राहणार अमुक ठिकाणी' आणि खाली एक सही. 'यांची मुलगी किंवा पत्नी' ही रिकामी जागा बघून पुष्कळांना वाटते की त्या माणसाने सही करायची आहे. ती जागा ओळखीपुरती आहे. सही एकच, तिची.

प्रत्यक्षात काही खाजगी इस्पितळे नवऱ्याची सही मागतात, हे नाकारून चालणार नाही. डिचोलीकडच्या एका बाईने काउंटरवरचे बोलणे सांगितले होते. "मिस्टरांची सही लागेल." "ते बोटीवर असतात." "मग ते आले की या." बोटीवरचा माणूस येणार सहा-आठ महिन्यांनी. काउंटरवरच्या मुलीला आपण काय बोललो याचा पत्ताही नसेल. इस्पितळाला पुढची कटकट नको असते, म्हणून ही प्रथा पडली आहे. नवऱ्याने नंतर दावा लावला तर काय, ही भीती. असा दावा एका नवऱ्याने खरेच लावला होता, बायकोवर आणि डॉक्टरांवरही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. बायकोने परस्पर गर्भपात केला तर घटस्फोटाच्या खटल्यात ते क्रौर्य ठरू शकते, असे 2007 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणाले आहे, हेही खरे. पण तो वाद न्यायालयातला. इस्पितळाच्या काउंटरवर त्याचे काम नाही.

याच नियमाची दुसरी बाजू त्या मजकुरात औषधालाही नाही. तिची सही नसेल तर नवऱ्याने, सासूने कितीही आग्रह धरला तरी गर्भपात होऊ शकत नाही. स्त्रीच्या संमतीविना गर्भपात घडवून आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 89 खालचा गुन्हा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

अविवाहित मुलींबद्दलचे म्हणणे कायद्याच्या जुन्या मजकुरावरून उचललेले दिसते. गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण पूर्वी फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यासाठी होते. 2021 च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले. वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यात मात्र नियमांनी ठरावीक गटच घेतले: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग आणि आणखी काही. त्यात अविवाहित नव्हत्या. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही आत घेतले. न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने त्याच निकालात, या कायद्यापुरता, नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरला. आमच्याकडच्या किती विवाहित बायकांना हे ठाऊक आहे?

पोलिसांची भीती सज्ञान बाईच्या बाबतीत निराधार आहे. ती स्वतःच्या इच्छेने येते तेव्हा पोलिसांना कळवण्याचा प्रश्नच येत नाही. उलट नियम गुप्ततेच्या बाजूचे आहेत. संमतीपत्र आणि डॉक्टरांचे मत एका पाकिटात घालून ते सीलबंद करायचे, त्यावर 'गुप्त' असे लिहायचे, आणि ऑपरेशन थिएटरच्या नोंदवहीत नावाऐवजी नुसता क्रमांक टाकायचा. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण मुलीची आणि पालकाची तशी विनंती असेल तर त्या अहवालातून तिचे नाव वगळता येते, हेही 2022 च्या निकालातच आले.

'कितव्याही महिन्यात मोकळीक' हे तर धादांत खोटे. आपल्या कायद्याने गर्भपात हा हक्क म्हणून दिलेलाच नाही. दंडविधानातला गुन्हा कायम ठेवून त्याला अपवाद कोरले आहेत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, चोवीसपर्यंत दोघांचे, पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळ. फक्त आईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. बाईने नुसते 'मला नको' म्हणणे कायद्याला पुरत नाही, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका आहे असे डॉक्टरला वाटावे लागते. माझ्या मते हीच या कायद्याची खरी उणीव आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याचा रोष नेमका उलट्या दिशेने आहे.

गर्भाचा विचार कुणी करतच नाही, असाही एक सूर त्यात आहे. ऑक्टोबर 2023 चे प्रकरण बघा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार घेणारी, अंगावर पाजत असल्याने पाळी आली नाही म्हणून गर्भ उशिरा कळलेला, सव्वीस आठवडे. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरने कळवले की गर्भ जगू शकतो, हृदयाचे ठोके थांबवायचे का? दोन न्यायाधीशांत मतभेद झाला आणि 16 ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांच्या पीठाने नकार दिला. हा निकाल पटो न पटो, गर्भाला कुणी हिशेबातच धरत नाही असे यानंतर म्हणवत नाही.

पाश्चात्त्य थेरांबद्दल एवढेच, की गर्भपाताला कैदेची शिक्षा सांगणारी कलमे 1860 च्या इंग्रजी दंडविधानातली. स्मृतींनी भ्रूणहत्या पाप मानली होती, पण तुरुंग आणला तो साहेबाने. तो कायदा सैल करायची शिफारस केली ती 1964 मध्ये नेमलेल्या शांतीलाल शाह समितीने, गावठी उपायांनी मरणाऱ्या बायका समोर होत्या म्हणून. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा गाजलेला निकाल आला 1973 मध्ये, आपल्या कायद्यानंतर.

मुली मारल्या जातात, ही व्यथा मात्र खरी आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 942 मुली होत्या. ती संख्या समाधानाची नाही. पण त्याचा कायदा वेगळा, 1994 चा. गुन्हा आहे तो लिंग तपासणे आणि सांगणे. सरसकट गर्भपातावर संशय घेतला की सोनोग्राफीच्या खोलीतला खरा गुन्हेगार सुटतो आणि आठव्या आठवड्यात आलेल्या बाईची चौकशी होते. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीवर लिंग कळतही नाही.

राहिले वंध्यत्व. नीट झालेल्या गर्भपाताने ते येत नाही. येते ते अर्धवट, अस्वच्छ गर्भपातानंतर जंतुसंसर्ग बीजवाहक नळ्यांपर्यंत गेला तर. सहीच्या आणि पोलिसांच्या भीतीने बाई गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात जायचे टाळते आणि कुणाला तरी फार्मसीत पाठवून गोळ्या मागवते. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, आणि त्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या. गर्भ नळीत रुजला असेल तर त्यांनी तो पडत नाही. रक्तस्राव झाला की बाईला वाटते काम झाले, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. म्हणून आधी डॉक्टरकडून तपासणी, मग गोळी.