ब्रश धुवू नका, प्रतिभा वाहून जाईल

नवोदित चित्रकार मित्रांनो, तुम्हाला सल्ले देण्याची माझी लायकी नाही. तीस वर्षं मी नुसता ब्रश धुतोय. पण गेल्या रविवारी सकाळी एक फोन आला. "सर, कॅनव्हासवरचा रंग सुटतोय. एखादा स्प्रे मिळतो का, मारायला?" फोनवर माझाच जुना विद्यार्थी. एप्रिलमध्ये प्रदर्शन तोंडावर आलं म्हणून पंधरा दिवस माझ्या स्टुडिओची किल्ली त्याला दिली होती. तेवढ्या दिवसांत त्यानं चित्रकलेत जे शोध लावले, ते एका कोल्हापुरात कुजू नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात अर्थातच रेखाटनाला फाटा देऊन करा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती ना, झालं तर मग. माणूस समोर बसवून तासन् तास बघत बसणं हे म्हाताऱ्यांचं काम. मोबाइलवर फोटो काढा, प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर पाडा, गिरवा. मोबाइल जवळून धरला की नाक फुगतं आणि कान मागं पळतात, तेही इमानदारीनं गिरवा. कोणी विचारलंच तर म्हणा, ही माझी शैली.

डोळे किलकिले करून उजेड-अंधाराचे मोठे भाग आधी ताडू नका, लोक झोप आली समजतात.

चित्र आरशात उलटं बघू नका. चुका दिसतात.

कॅनव्हासचं म्हणाल तर मांजरपाट आणा, चौकटीवर ताणा आणि थेट सुटा. आधी सरस, मग प्रायमरचे म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे दोन हात, मध्ये वाळू देणं, पॉलिश पेपर मारणं, हे सगळं सुताराचं काम झालं. कोऱ्या कापडावर तेलरंग लावला की तेल धाग्यात मुरतं आणि कापड हळूहळू कुजतं. कुजू दे. आमचे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान, त्यांनी शाहू महाराज गेल्यावर आपली चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं आमच्याकडे सांगतात. तुमच्या चित्रांना तलावापर्यंत न्यायचेही कष्ट नकोत, ती भिंतीवरच गळतील.

आता रंग सुटण्याचं रहस्य. तेलरंगात आकाश रंगवा. दोन दिवसांत वाळत नाही म्हणून हेअर ड्रायर लावा. (लावला होता. माझ्या बायकोचा.) तेलरंग काही ओल्या कपड्यासारखा पाणी उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. वरून कोरडा लागला तरी आत महिनोन् महिने काम चालू असतं, हे मी त्याला वर्गात निदान दहादा सांगितलं असेल. पण उद्घाटन जवळ आलं की रसायनशास्त्रानं बाजूला सरकायचं असतं. तेव्हा त्याच तेलकट आकाशावर ॲक्रिलिकचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या नि झटकन वाळणाऱ्या रंगाचे, ढग चढवा. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण नियम मोडल्याशिवाय कलाक्रांती होते का? ढग दोन महिन्यांत तव्यावरच्या घावनासारखे कडेनं सुटतात. चित्र घेतलेल्या बाई फोटो पाठवतात. मग गुरूला फोन करून स्प्रे मागायचा.

व्हार्निश प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मारा. सहा महिने, वर्षभर थांबायला वेळ कुणाला आहे? चकचकीत दिसलं पाहिजे, रीलमध्ये उठाव येतो. अजिंठ्याची चित्रं उठून दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला करणाऱ्यांनी, आणि पुन्हा १९२० च्या दशकात इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी, वर व्हार्निश आणि शेलॅक (लाखेचं रोगण) चढवलं. ते पिवळं पडलं आणि पुढं पुरातत्त्व खातं वर्षानुवर्षं ते उतरवत बसलं. तुमचं उतरवायला कोणी बसणार नाही, त्यामुळे बिनधास्त मारा.

जलरंगाला झेरॉक्सचा कागद चालतो. फुगला तर इस्त्री करा. आणि पांढऱ्यासाठी पांढरा रंग लावा. कागद कोरा सोडून उजेड दाखवायचा ही जुन्यांची कंजुषी. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ते निरांजन घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीचा उजेड तिच्या बोटांतून लालसर झिरपतो, बघणारा तिथून हलत नाही. १९४५-४६ सालचं, आणि सगळं जलरंगात. पांढरं जेल पेन नव्हतं बिचाऱ्यांकडे.

सही मोठी करा.

आणि ब्रश. ब्रश कधीही धुवू नका. काम संपल्यावर ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रात पिळून पुसायचा, मग टर्पेंटाईनमध्ये हलवायचा, पुन्हा पुसायचा, मग तळहातावर साबण घेऊन गोल गोल चोळायचा, फेस पांढरा येईपर्यंत, मग बोटांनी टोक काढून आडवा वाळत ठेवायचा, एवढं सगळं केलं तर इन्स्टाग्राम कधी बघणार? त्यापेक्षा सगळे ब्रश स्टीलच्या पेल्यात टर्पेंटाईन ओतून डोक्यावर उभे करा आणि जेवायला जा. मग चहाला जा. मग मुंबईला प्रदर्शनाला जा. मी स्टुडिओ उघडला तेव्हा टर्पेंटाईन उडून गेलं होतं, पेल्याच्या बुडाला दोन बोटं चिखल घट्ट झाला होता आणि त्यात माझे आठ ब्रश रोवलेले, केस सगळे एका बाजूला वळलेले, रांगेनं लवून नमस्कार केल्यासारखे. दांड्यांवरचा रंग तडकलेला. ब्रश उचलला तर पेलाही उचलला जात होता. पेला घरचा होता, त्यावर माझ्या आईचं नाव घातलेलं आहे.

तेलरंगाचे ब्रश एक वेळ सोडा. कोपऱ्यातल्या वेगळ्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, बारा नंबरचा एक सेबल होता. सायबेरियातल्या एका छोट्या प्राण्याच्या शेपटीचे केस. पाण्यात बुडवून एक झटका दिला की सुईसारखं टोक. १९९८ मध्ये रंकाळ्याचं एक निसर्गचित्र विकलं गेलं, माझं पहिलं, त्या पैशातला. तो जलरंगाखेरीज कशातही बुडवलेला नव्हता. त्यानं तुम्ही, म्हणजे त्यानं, ॲक्रिलिकचे ढग केले! आणि तसाच खिडकीत टाकला. ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिक होतं. आता त्या ब्रशनं पाटा धुता येईल, बाकी काही नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "सॉरी सर, गडबडीत हाताला लागला." सोबत हात जोडलेली बाहुली. खाली प्रदर्शनाचं रील, त्यावर सत्तर जणांचं "नाद खुळा".

बेसिन तुंबलं होतं, कारण रंगाचा उरलेला लगदा नळीत ढकलला होता. प्लंबरला मी पैसे दिले. पण जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या? त्या लाकडी कपाटाच्या शेजारी ढिगानं दाबून ठेवलेल्या होत्या, एप्रिलच्या उन्हात, खिडकी बंद. अशा ढिगाला काडी लावावी लागत नाही, तेल घट्ट होताना आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटतं. चिंध्या सुट्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या, ही पाटी दारामागे मी स्वतः रंगवून लावलीय. तिच्यावर तुझा शर्ट टांगलेला होता.

हो, तुलाच म्हणतोय. वाचतोयस हे माहितीय मला, रील बघून झाल्यावर वाचतोस तू. हात चांगला आहे तुझा. वर्गात सगळ्यांत चांगला होता, म्हणून तर किल्ली दिली. पण चांगला हात असलेली पोरं मी खूप बघितली. त्यांना शैली हवी, गॅलरी हवी, कॅटलॉग हवा, फक्त तळहातावर साबण नको. जिनं पैसे मोजून तुझं चित्र भिंतीवर लावलं, तिला तू स्प्रे मारून फसवणार होतास? लाज वाटली नाही विचारताना?

असा स्प्रे नसतो. ढग खरवडून काढायचे, खालचं आकाश पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा तेलरंगात करायचं. नाही जमलं तर त्या बाईंना पैसे परत द्यायचे, तेही या महिन्यात. त्यांना फोन तू करायचास, मी नाही.

रविवारी सकाळी ये. किल्ली शेजारी ठेवून पळू नकोस, माझ्या हातात दे. येताना साबणाची वडी आण. पेला जिथं होता तिथंच आहे, मी हात लावलेला नाही.